पेटी कुणाच्या घरात ठेवायची

अव्वा, आपल्या गल्लीत आता चार कॅमेरे आहेत आणि चारही मी बसवले आहेत. हे तुला सांगावं असं बरेच दिवस मनात आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही असं नाही. वळसंगला मामांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं की. ह्याचं काय देत्यात का तुला?" नाही म्हटल्यावर त्यांनी तुरीचा विषय काढला. दुकानात सांगितलं, तर सगळ्यांनी कॅमेरे कुठल्या कंपनीचे ते विचारलं. पुढचं कुणी विचारलं नाही, आणि मला सांगायचं होतं ते सगळं पुढचंच होतं.

मी आपल्या घरात परत राहायला आले आहे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. मामा मला घेऊन गेले आणि कुंभारीचं हे घर भाड्यानं दिलं. वळसंगहून बसनं ये-जा करत मी शिकले, कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी मामींनी शेंगाची पोळी केली आणि मामा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आमच्या घरात पयलीच हाय ही." आता शहरातल्या एका दुकानात नोकरी करते. लोकांच्या घरांत नेटच्या आणि कॅमेऱ्यांच्या तारा ओढायचं काम आहे. नवं घर असेल तर प्लास्टरच्या आधी भिंतीत पाइप टाकून ठेवायचे. जुनं असेल तर कडेकडेनं पट्टी मारून तार आत लपवायची, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. मी शिडी घेऊन गेले की घरमालक माझ्या मागं बघतात आणि विचारतात, "मॅडम, फिटर कुठाय?" मीच, असं म्हटलं की थोडा वेळ कुणी चहाचं विचारत नाही. पण काम मला आवडतं. नेट हे पाण्यासारखं घरोघरी गेलं पाहिजे, असं मी एकदा दुकानात म्हणाले होते. तेव्हापासून मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतं, "सरका रे, मॅडमचं भाषण आहे."

पाण्याचं मी उगाच म्हणाले नव्हते. आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागं एक फळी होती, तिच्यावर खिळे, आणि त्या खिळ्यांवर अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या. चोराच्या भीतीनं ठेवलेल्या नव्हेत, पाण्यासाठी ठेवलेल्या. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. कुणी कारखान्यात विड्या द्यायला गेलेली, कुणी अक्कलकोटला, कुणी माहेरी. तू दिवसभर घरी बसून विड्या वळणारी, म्हणून किल्ल्या तुझ्याकडं. दुपारची वेळ आहे. गल्लीच्या टोकाला "पाणीऽ" अशी ओरड होते. तू मांडीवरचं सूप बाजूला सारतेस, पानांवर ओलं फडकं टाकतेस, हाताचा तंबाखू झटकतेस आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघतेस. मागून मी, पाइपचं तोंड धरून. कुलूप काढून आत पाऊल टाकायच्या आधी तू पदर डोळ्यांवर ओढतेस, सासऱ्यासमोर ओढावा तसा. घरात तर कुणीच नाही. तरी तशीच खाली बघत तू मोरीपर्यंत जातेस, पिंप भरतेस, हंडे भरतेस, आणि खाली बघतच बाहेर येतेस. एकदा समोरच्या अक्काच्या घरात मला कोपऱ्यात नवा फ्रिज दिसला आणि मी म्हणाले, "अव्वा, ह्यांनी फ्रिज कवा घेतला?" राग आला की तू कानडीत जायचीस. "सुम्मन इरु," गप्प बस, एवढंच म्हणालीस. बाहेर आल्यावर कुलूप लावताना मराठीत म्हणालीस, "पाणी भराया आल्तीस का बगाया?" त्यानंतर मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. पाइप धरून बाहेर उभं करायचीस आणि म्हणायचीस, "तोंड गल्लीकडं कर." मला फार अपमान वाटला होता. फ्रिज काय लपवायची वस्तू होती? दुसऱ्याच दिवशी अक्कानं स्वतः वाटीभर बर्फ आणून दिला, तो मी तुझ्यासमोर कडाकडा चावून खाल्ला.

परत आले तेव्हा ती फळी नव्हती. भाडेकरूंनी तिथं कॅलेंडर लावलं होतं. आता प्रत्येक घरावर टाकी आहे आणि दारात मोटर. पाणी आलं की ज्याची त्याची मोटर घरघरते. घरी कुणी नसलं तर टाकीतलं आधीचं पाणी असतंच. किल्ली दुसऱ्याकडं ठेवायला काही कारण राहिलेलं नाही. मी सकाळी हेल्मेट घालून निघते, दिवस मावळताना येते. लोक चांगले आहेत. "आलीस का?" "आले." इतकं रोज होतं. रविवारी मी दार सताड उघडं टाकून पुस्तक घेऊन बसते. दारावरून माणसं जातात, चपलांचे आवाज ओळखू येतात, पण आत कुणी वळत नाही. तू असताना या दारात पाय ठेवायला जागा नसायची. शिकलेल्या बाईकडं जायचं तर काहीतरी काम हवं, असं त्यांना वाटत असावं. आणि माझ्याकडं काम काय निघणार? अक्का मला कधी कधी मॅडम म्हणते. चेष्टेत म्हणते, पण म्हणते.

मग या उन्हाळ्यात गल्लीतल्या मोटरी लागोपाठ चोरीला जायला लागल्या. अक्काची नवी मोटर गेली, त्या दिवशी तिनं चोराच्या सात पिढ्यांना तेलुगूत जे काही ऐकवलं ते मी तुला लिहून कळवू शकत नाही. संध्याकाळी सगळे पिठाच्या गिरणीपाशी जमले. मीही जाऊन मागं उभी राहिले. अक्कानं मला दंडाला धरून पुढं ओढलं. "ही त्याच धंद्यात हाय की! आन आपण कुटं फिरायलोय?" मी बोलायला लागले. चार कॅमेरे पुरतील, दोन टोकांना दोन आणि मधल्या वळणावर दोन. कॅमेऱ्याचं चित्र आणि वीज एकाच तारेतून जाईल, खर्च कमी होईल. आणि त्याच तारांवर गल्लीतल्या पोरांसाठी वायफाय देता येईल, अभ्यासाला. ज्ञानावर सगळ्यांचा हक्क आहे. गिरणीवाले अण्णा म्हणाले, "त्ये हक्काचं ऱ्हाऊ दे पोरी, वायर किती लागंल त्ये सांग." सगळे हसले, मीही हसले. वर्गणी निघाली. मजुरी मी घेणार नाही म्हटलं, त्यावर कुणी फार आग्रह केला नाही.

अव्वा, ते रविवार माझे फार चांगले गेले. मी शिडीवर, खाली शिडी धरायला अक्का. "पडलीस तर माझ्या अंगावर पड गं, मी गादीवानी हाय," असं ती मला आणि सगळ्या गल्लीला ऐकवायची. ड्रिल लावलं की भिंतीतून लाल भुकटी उडायची आणि ती माझ्या केसांतून झटकायला कुणीतरी पुढं यायचं. सकाळी एका घरचा चहा, दुपारी दुसऱ्या घरची भाकरी आणि शेंगाची चटणी. पत्र्यांच्या कडेनं, खिडक्यांच्या वरून मी तारा नेल्या, प्रत्येक घराची भिंत मला ओळखीची झाली. कोपऱ्यावरचे चाचा, रिक्षावाल्याचे वडील, खुर्ची टाकून बसायचे आणि तारेच्या टोकाला मी आठ रंगांच्या बारीक तारा ओळीनं लावून चापटवत असताना म्हणायचे, "बेटी, इत्ते बारीक काम में आँखां जाते. थोडा आराम कर." चारही तारा शेवटी आपल्या स्वयंपाकघरात आणल्या. तिथं मी ती पेटी ठेवली, ज्यात सगळं चित्रण साठतं. गल्लीत सगळे तिला पेटीच म्हणायला लागले. पेटी आपल्याकडं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मी सांगून टाकलं होतं की माझ्याकडं इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी बंद पडणार नाही.

पहिल्यांदा टीव्हीला जोडून दाखवलं तेव्हा आपल्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर चार चौकोनांत आपली गल्ली. चाचांनी स्वतःला बघितलं आणि म्हणाले, "मैं इत्ता बुड्ढा दिखतूं क्या? मशीन खराब है." अक्का दाराबाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आतून सगळ्यांनी ओरडून तिला सांगितलं की ती दोन चौकोनांत दिसते. या खोलीत एवढी माणसं तुला नेलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आली होती. मी सगळ्यांना सरबत केलं. पेले पुरले नाहीत, म्हणून वाट्यांतूनही दिलं.

नवीन काम केलं की काही दिवस चित्रण तपासावं लागतं. ऊन कुठल्या वेळी काचेवर येतं, कुठला कोपरा सुटतो. ते बघताना मला चाचा दिसले. भर दुपारी ते मशिदीकडून येतात, दाराला कुलूप असतं, आणि ते पायरीवर बसून राहतात. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. सून शिलाईच्या कामाला जाते हे मला माहीत होतं. सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको. माझा जीव राहिना. त्यांचा मुलगा रिक्षा लावत होता तेव्हा मी त्याला गाठलं आणि नीट, शांतपणे सांगितलं की तुमचे वडील दुपारभर बाहेर बसलेले असतात, एखादी किल्ली त्यांच्याकडंही ठेवा. त्याचा चेहरा उतरला. "अच्छा हुआ बताए," म्हणाला. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून मोठमोठ्यानं आवाज आले आणि दुसऱ्या दिवसापासून सून कामाला गेली नाही.

चार-पाच दिवसांनी तीच माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "बाजी," ती म्हणाली, ताईला म्हणतात तसं, "चाबी अब्बा के जेब में रहती. हमेशा रहती. उनों अंदर बैठतेच नहीं. मेरेकू एक बार पूछ लेना था ना." मी चाचांकडं गेले. ते पायरीवरच होते. मी काही विचारायच्या आधी त्यांनी खिशातून किल्ली काढून मला दाखवली आणि परत ठेवली. "अंदर क्या है बेटी? दीवार है. इधर बैठा तो दो आदमी सलाम करते." ते रागावले नव्हते, हे मला जास्त लागलं. मुलाला त्यांनी समजावलं, पण शिलाईवालीनं तोवर दुसरी बाई ठेवली होती. सुनेला परत काम मिळायला बराच काळ गेला. अजूनही ती माझ्याशी बोलते ती कामापुरतीच.

गल्लीत ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गिरणीपाशी सगळे जमले. कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण विषय एकच होता, पेटी कुणाच्या घरात ठेवायची. मी इन्व्हर्टरचं सांगितलं. तारा सगळ्या तिथंच येतात, हलवायचं म्हणजे पुन्हा सगळं उकरावं लागेल, असं सांगितलं.   मग मी म्हणाले, "माझ्या आईकडं तुम्ही सगळ्यांच्या किल्ल्या ठेवत होता." हे मी म्हणायला नको होतं असं म्हणतानाच वाटलं. अक्का खाली बसलेली होती, ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "ठेवत होतो की. तुझी आई आमच्या घरात शिरायची, पण बगायची न्हाय. तू दारात बी येत न्हाईस, आन समदं बगती."

"मी नाही बघणार, अक्का. शपथ घेते."

"बगशील गं. तुझा काय दोष न्हाय. फुडं दिसलं की माणूस बगतंयच. म्हणून तर ती पदर वढायची."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमला पदर कुटला आता, जीन्स हाय," आणि सगळे हसले. मलाही हसू आलं. हसता हसता डोळे भरले म्हणून मी स्विचबोर्डाकडं बघत राहिले. अव्वा, इतकी वर्षं मला वाटत होतं की तू पदर ओढायचीस ते कुणाला माहीतच नाही. घरं रिकामी असायची, बघायला कोण होतं? पण अक्काला माहीत होतं. कदाचित सगळ्या गल्लीला माहीत होतं. तू कधी सांगितलं असशील असं वाटत नाही. किल्ली परत घ्यायला येणाऱ्या माणसाला तुझ्याकडं बघूनच कळत असेल.

शेवटी पेटी गिरणीत ठेवायचं ठरलं. गिरणी सगळ्यांची, अण्णा दिवसभर तिथंच, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी म्हटलं, पिठानं पेटीचा पंखा जाम होईल. अण्णा म्हणाले, "मग फडकं घाल की तिला." अक्का म्हणाली, "पीठ काय वाईट हाय व्हय? खातोच की आपण." मग मी आपल्या स्वयंपाकघरातून चारही तारा मागं ओढल्या, दोन आखूड पडल्या म्हणून नव्या टाकल्या. गिरणीत उंचावर एक लाकडी खोकं बसवलं, त्याला बारीक जाळी मारली, पेटी आणि वायफायचं यंत्र त्यात ठेवून कुलूप लावलं. पडदा नाही. काही चोरीला गेलं तरच उघडायची, आणि तेही दोन घरांची माणसं हजर असतील तर. म्हणून पासवर्डचे दोन भाग केले. अर्धा अक्काचा, अर्धा चाचांचा. ही कल्पना चाचांची होती. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, ते म्हणाले.

पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा अण्णांनी मला सांगायची गरज पडली नाही. मी आपणहून तोंड भिंतीकडं केलं. भिंतीवर पिठाचा थर होता. मागं चाचा एका बोटानं सावकाश आकडे दाबत होते, मधूनच "हुआ क्या?" विचारत होते. मग अक्का बसली. तिला आकडा तोंडानं म्हटल्याशिवाय दाबता येत नाही. "रेंडु… आरु…" मी याच गल्लीत वाढले; तेलुगूत शंभरापर्यंत मला झोपेतही येतं. मी म्हटलं, "अक्का, मनात म्हणा." ती म्हणाली, "मनातच म्हणायलीय की!" चाचांनी कपाळाला हात लावला असणार, कारण अण्णा मोठ्यानं हसले. बदलायला लावावा असं क्षणभर वाटलं. पण तिनं दुसरा आकडाही तसाच मोठ्यानं म्हटला असता. मी भिंतीकडं बघत उभी राहिले आणि ती झालं म्हणाल्यावर वळले.

आता संध्याकाळी मी गाडी लावते तेव्हा पोरं गिरणीच्या पायरीवर फोन घेऊन बसलेली असतात. तिथंच वायफाय सगळ्यांत जोरात येतं. अण्णा त्यांच्यावर खेकसतात आणि जाताना बाहेरचा दिवा चालू ठेवून जातात. अभ्यास किती करतात ते देवाला ठाऊक, पण परवा एकीनं मला थांबवून एका गणिताचं विचारलं. मी गाडीवर बसूनच सांगितलं. घरी चल म्हणावं असं वाटलं. तिथं नेट नाही, ती कशाला येईल? आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जिथून तारा आत येत होत्या तिथं चार भोकं राहिली होती. ती पांढऱ्या सिमेंटनं बुजवली आहेत. रंग अजून दिलेला नाही.

हे सगळं लिहून झालं की अक्काला वाचून दाखवावं, असं मला निम्म्या पत्रापर्यंत वाटत होतं. आता ते होणार नाही आणि हा कागद कुणाच्या हाती जाणार नाही. इन्व्हर्टरचं जे मी बैठकीत सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पेटी मला घरात हवी होती ती त्यासाठी नव्हे. कुणाचं काही गेलं तर सगळे आधी आपल्या दारात येतील, आत येतील, टीव्हीसमोर दाटीवाटीनं उभे राहतील, हे मी तारा ओढायच्या आधीपासून धरून चालले होते. सरबताच्या दिवशी पेले कमी पडले, म्हणून नंतर बाजारातून आणखी आणून ठेवले. ते अजून कागदात गुंडाळलेले आहेत. आणि एकदा शिडीवर उभी असताना, अव्वा, माझ्या मनात असंही येऊन गेलं की एखादी लहानशी चोरी व्हायला हरकत नाही. कुणाचं फार जाऊ नये. एखादी बादली गेली तरी चालेल, तीही जुनी.